उन्हाळ्यातल्या वाफ्यासाठी ग्लॅडिओलस: कोणत्या जाती, कोणते रंग? (कोल्हापूर)

कळंब्याची ओसरी | २३ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आमचं घर कळंब्यात. ओसरीसमोर १२ बाय ४ फुटांचा एक वाफा रिकामा आहे. सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत चांगलं ऊन, मग घराची सावली. यंदा तिथं फक्त ग्लॅडिओलस लावायचा आणि जातीचं नाव माहीत असल्याशिवाय एकही कंद घ्यायचा नाही, असं ठरवलंय.

गेल्या वर्षी ऑनलाइन 'मिक्स कलर'चं पाकीट मागवलं होतं, २५ कंदांचं. वर 'समर फ्लॉवरिंग' असं छापलेलं, म्हणून मार्चच्या मध्याला लावले. पानं सुरेख आली. मे संपता संपता अकरा दांडे दिसले. त्यातल्या सहांच्या कळ्या हिरव्या आवरणातच वाळून गेल्या. चार दांडे वळवाच्या एका संध्याकाळी आडवे झाले. उमलला तो एकच, पांढरा.

त्या एका दांड्यानं मात्र आमच्या सासूबाईंना आठवडाभर आनंद दिला. वय ७८, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सकाळी चहाचा कप घेऊन ओसरीवर बसायच्या आणि खालून मोजायच्या, "आज सातवं उघडलं गं." यंदा त्यांच्यासाठी वाफा भरून रंग हवेत. मेमध्ये नणंदेची मुलंही येतात, तेव्हाही काही फुललेलं असावं अशी इच्छा आहे. जाती सुचवा. कधी लावू तेही सांगा.

पोयटा | २३ नोव्हेंबर

वहिनी, जातीआधी तारीख ठरवूया. करवीर तालुक्यात आमचा अर्धा एकर ग्लॅडिओ असतो, बाकी ऊसच. पाकिटावरचा उन्हाळा हा थंड मुलखातला उन्हाळा असतो. तिकडं थंडीत जमीन गोठते म्हणून वसंतात कंद लावतात आणि जुलै-ऑगस्टला फूल काढतात. त्यांच्या त्या उन्हाळ्याचं तापमान म्हणजे आपली दिवाळीनंतरची हवा. या पिकाला २५ अंशांपर्यंत बरं वाटतं. पारा ३५-३६च्या वर राहिला की दांडा आखूड येतो, कळ्या कमी धरतात आणि धरलेल्याही आतच सुकतात. तुमच्या सहा दांड्यांचं तेच झालं. त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

लावणीपासून फुलापर्यंत जातीप्रमाणं ६० ते ९० दिवस धरा. कंद मोठा असेल तर थोडं लवकर. आमच्यात हिशेब असा की पाडव्याला वाफा भरात असावा आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत बहुतेक दांडे निघालेले असावेत. त्यानंतर ऊन आणि वळीव दोन्ही अंगावर येतात. म्हणून मोठी लावण २० डिसेंबर ते १० जानेवारी या दिवसांत करा.

गच्चीवरची | २४ नोव्हेंबर

राजारामपुरीत माझी सगळी बाग गच्चीवर आहे. १२ इंची कुंडीत पाच कंद लावते. मेमध्ये फूल मिळतं, ताई, पण कमी आणि ठेंगणं. मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या तीन कुंड्यांतून मेच्या पहिल्या आठवड्यात नऊ दांडे मिळाले. अकरानंतर वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट ओढत होते. तुमच्याकडे दुपारी घराचीच सावली आहे, म्हणजे निम्मं काम झालं.

पांढरा आणि फिकट गुलाबी चांगले टिकले. गडद लालच्या पाकळ्यांच्या कडा दुसऱ्याच दिवशी काळपट पडल्या, कागद विस्तवाजवळ धरल्यासारख्या.

तांबडी माती | २४ नोव्हेंबर

लाल वगळू नका! आमच्याकडे पन्हाळ्याच्या बाजूला 'ऑस्कर' एप्रिलमध्येही मखमलीसारखा येतो. लाल रंगाशिवाय ग्लॅडिओलसचा वाफा म्हणजे कुंकवाशिवाय करंडा.

पोयटा | २४ नोव्हेंबर

पन्हाळ्याची उंची आणि रात्रीचा गारवा कळंब्याला नाही, दादा. लाल लावू नका असं मी म्हणत नाही. पहिल्या खेपेत लावा, मार्चमध्ये बघा. 'ट्रेडरहॉर्न' घेतला तर आणखी बरं. लाल फुलाच्या घशात पांढरा पट्टा असतो, त्यामुळं लांबूनही फूल उठून दिसतं. मेच्या खेपेला मात्र लाल नको.

जलरंग | २५ नोव्हेंबर

चित्रकला शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली, त्यामुळे मी रंगांपुरतंच बोलतो. ओसरीताई, एक प्रश्न. वाफ्यामागे काय आहे? भिंत असेल तर तिचा रंग कोणता?

कळंब्याची ओसरी | २५ नोव्हेंबर

कंपाउंडची भिंत, फिकट पिवळी. उजव्या टोकाला चारेक फूट मेंदीचं कुंपण. मी तर सासूबाईंना स्पष्ट दिसावं म्हणून पिवळाच जास्त लावणार होते.

जलरंग | २५ नोव्हेंबर

वाटलंच मला. म्हणूनच विचारलं.

पिवळ्या भिंतीपुढे पिवळं फूल लावलं तर ओसरीवरून नुसती पानं दिसतील. ऑपरेशननंतरच्या डोळ्यांना रंग छान दिसतात, पण या वयात एकमेकांजवळच्या छटा वेगळ्या करणं अवघड जातं. त्यांना फरक हवा, म्हणजे उजळाच्या मागे गडद किंवा गडदाच्या मागे उजळ. म्हणून पिवळा सगळाच्या सगळा मेंदीपुढे लावा. गडद हिरव्यावर तो दिव्यासारखा दिसेल. 'नोव्हा लक्स' हा स्वच्छ पिवळा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले गणेश' ही जात मिळाली तर तीही पिवळीच, थोडी फिकट.

भिंतीपुढे 'अमेरिकन ब्युटी'. हा ठसठशीत गडद गुलाबी पिवळ्या भिंतीवर फार सुंदर बसतो, पैठणीच्या काठासारखा. त्याच्या बाजूला 'प्रिसिला' लावा. पांढरी पाकळी, कडेला गुलाबी झाक आणि घशात पिवळा. एकाच फुलात भिंतीचाही रंग आहे आणि शेजाऱ्याचाही, त्यामुळे ती सगळ्यांना जोडून घेते. लाल हवाच असेल तर गुलाबीला खेटून नको. मध्ये पांढऱ्या 'व्हाइट प्रॉस्पेरिटी'चा पुंजका ठेवा. लाल आणि गडद गुलाबी शेजारी आले की दोघांचंही तेज जातं. वर्गात मुलांना मी हे पाण्याचा एक हात मधे ठेवून दाखवायचो.

'हर मॅजेस्टी'चा जांभळट निळा मोहात पाडतो. तो सकाळच्या कोवळ्या उन्हात बघावा. सावली पडली की राखाडी दिसू लागतो, आणि तुमच्याकडे तर दुपारनंतर सावलीच आहे. चारपाच कंद हौसेखातर लावा, वाफा त्याच्यावर सोपवू नका. 'ग्रीन स्टार'चं फूल पोपटी. बागेत पानांत हरवतं, फुलदाणीत मात्र अप्रतिम.

आणि माझा सगळ्यांत लाडका 'पीटर पेअर्स'. पिकल्या जर्दाळूचा रंग, खालच्या पाकळीवर लालसर ठिपका. रंकाळ्यावर संध्यामठाच्या मागे सूर्य उतरतो तेव्हा पाण्यावर पाचएक मिनिटं जी नारिंगी पसरते, ती छटा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी ज्या उजेडासाठी रंकाळ्याचा काठ सोडला नाही, तो उजेड मला या फुलात दिसतो. तो सायंकाळी बसायच्या जागेजवळ लावा.

पोयटा | २५ नोव्हेंबर

सर, वाचून आनंद झाला. आम्ही दांडे डझनावर मोजतो, असं कधी बघितलंच नव्हतं.

एक शेतकऱ्याची अडचण सांगतो. पुंजके छान दिसतात, पण मातीची भर देणं आणि काठ्या बांधणं ओळीत सोपं जातं. १२ बाय ४ मध्ये दोन ओळींत एक फूट आणि दोन कंदांत २० सेंटिमीटर धरलं तर चार ओळी बसतात, ओळीला १८ म्हणजे ७२ कंद.

जलरंग | २५ नोव्हेंबर

ओळी तुमच्या ठेवा. रंग ओळीप्रमाणे न लावता आडवे पट्टे करा. चारही ओळींतले शेजारचे दोन-दोन कंद एका जातीचे, म्हणजे आठांचा पुंजका. ७२ मध्ये असे नऊ बसतील. एकेरी कंद रंग बदलत लावले तर लांबून लग्नाच्या मांडवातल्या कागदी पताका दिसतात.

मंडईतून | २७ नोव्हेंबर

कंद कुठून घेताय ते महत्त्वाचं. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं ग्लॅडिओलसच्या बऱ्याच जाती काढल्यात. 'शोभा', 'पूनम', 'मीरा', 'आरती', 'अर्का अमर' ही नावं कानावर ठेवा. 'मीरा' पांढरी आहे. इकडच्या हवेत निवडलेल्या असल्यानं मिळाल्या तर सोडू नका. नाहीतर शेतकऱ्याकडून थेट घ्या.

कंद हातात घेऊन बघा. चार सेंटिमीटर तरी रुंद हवा, पण पसरट चकतीपेक्षा उंच गुबगुबीत बरा. बूड दाबून बघा, टणक लागलं पाहिजे. तपकिरी खोलगट डाग दिसला की परत ठेवा, तो कुजीचा आहे. आणि विचारा, "शीतगृहातून कधी काढले?" नुकता जमिनीतून काढलेला कंद झोपेत असतो. तीनेक महिने विश्रांती झाल्याशिवाय तो कोंब टाकत नाही, मग माणसाला वाटतं कंद खराब निघाला.

कळंब्याची ओसरी | २८ नोव्हेंबर

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. पैठणीच्या काठाचं त्यांना फार पटलं.

ठरवलं ते असं: पहिली खेप २२ डिसेंबरला, ४८ कंद. 'अमेरिकन ब्युटी', 'प्रिसिला', 'व्हाइट प्रॉस्पेरिटी', 'ट्रेडरहॉर्न', 'पीटर पेअर्स' प्रत्येकी आठ आणि मेंदीपुढे 'नोव्हा लक्स' आठ. उरलेले २४ फेब्रुवारीत, मेसाठी. त्यात काय घेऊ?

गच्चीवरची | २८ नोव्हेंबर

पांढरा आणि 'प्रिसिला'. थोडा पिवळा.

पोयटा | २८ नोव्हेंबर

बरोबर. आणि फेब्रुवारीसाठी सगळ्यांत मोठे कंद राखून ठेवा, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. १० फेब्रुवारीला लावले तर एक-दोन मेच्या सुमारास फूल.

लावणीचं थोडक्यात सांगतो. वरचं कागदासारखं टरफल काढा. दोन ग्रॅम कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात कालवून कंद अर्धा तास बुडवा, हातमोजे घालून. सावलीत सुकवा. गादीवाफा करा, पाणी थांबता कामा नये. शेणखत जुनं, कुजलेलंच घाला. ताज्या शेणखतानं कंद नासतो. कोंब वर करून सातआठ सेंटिमीटर खोल.

तिसरं पान आल्यापासून सातव्या पानापर्यंत पाण्याला चुकू नका. त्या दिवसांत दांडा आत तयार होत असतो, बाहेरून काही दिसत नाही. माणूस तिथंच फसतो. पाचव्या पानाला मातीची भर द्या. आणि फेब्रुवारीच्या खेपेला उसाचं पाचट पसरा, चार बोटं जाड. कोल्हापुरात राहून पाचट विकत घ्यायचं नाही. कुणाच्याही शेताच्या बांधावर मागा, लोक पोत्यानं देतील.

तांबडी माती | २९ नोव्हेंबर

पाचटाखाली वाळवीवर लक्ष ठेवा. आणि काठ्या आधीच रोवा, दांडा आल्यावर नको. नंतर रोवली की टोक कंदात घुसतं. माझे सहा कंद असे गेलेत.

कळंब्याची ओसरी | १८ मार्च

मंडळी, वाफा भरात आहे!

'अमेरिकन ब्युटी' सगळ्यांत आधी आला, ७६ व्या दिवशी. नंतर 'प्रिसिला'. 'ट्रेडरहॉर्न' आत्ता कुठे आवरणातून लाल दाखवतोय. सरांनी सांगितलेली जागा अगदी नेमकी ठरली. मेंदीपुढचा पिवळा सासूबाईंना ओसरीवरून चष्म्याशिवाय दिसतो. भिंतीपुढे दोन पिवळे कंद चुकून गेले होते. त्यांची फुलं मी दाखवेपर्यंत त्यांना दिसलीच नव्हती.

एक अडचण आहे. चारपाच झाडांच्या पानांवर चंदेरी रेघा आहेत आणि एका दांड्याच्या कळ्या चिकटल्यासारख्या, उघडतच नाहीत.

मंडईतून | १८ मार्च

फुलकिडे. ती न उघडणारी कळी सोलून पांढऱ्या कागदावर झटका, बारीक काळसर किडे पळताना दिसतील. तो दांडा काढून टाका. निळे चिकट सापळे लावा आणि संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा, पानांच्या बेचक्यात जाईल असा. फेब्रुवारीची खेप शेजारीच आहे, म्हणून आजच करा.

पोयटा | १९ मार्च

आणि वहिनी, घरात ठेवायला दांडा कापाल तेव्हा खालच्या एकदोन कळ्यांनी रंग दाखवला की कापा, वरच्या पाण्यात उमलतात. झाडावर चार पानं तरी राहू द्या. जुना कंद आता वाळत चाललाय, त्याच्या डोक्यावर नवा तयार होतोय. त्याचं पोट भरतं या पानांवर. पानांसकट कापलं तर पुढच्या वर्षी हातात गोटीएवढा कंद येईल.

कुणाला भेट न्यायचे असतील तर बादलीत उभे न्या. आडवे ठेवले की दोनचार तासांत शेंडा वर वळतो आणि मग सरळ होत नाही. आम्ही बाजारात माल नेतानासुद्धा उभाच नेतो.

कळंब्याची ओसरी | ९ मे

मेच्या खेपेचा हिशेब देते. २४ पैकी २१ उगवले, १५ दांडे आले. पहिला ३० एप्रिलला. उंची मार्चच्या निम्म्याहून थोडी जास्त, दांड्याला आठ-नऊ फुलं. मार्चमध्ये चौदापर्यंत होती. 'व्हाइट प्रॉस्पेरिटी'ची एकही कळी सुकली नाही. 'प्रिसिला'ची गुलाबी कड फिकी आली, पण आली. पिवळ्याच्या तीन दांड्यांच्या शेंड्याकडच्या कळ्या सुकल्या.

परवा चार वाजता जोतिबाच्या बाजूनं आभाळ काळं झालं. काठ्या होत्या, तरी गेल्या वर्षीची आठवण आली आणि मी कात्री घेऊन पळाले. रंग दाखवणारे सहा दांडे कापले, चार-चार पानं ठेवून. नणंदेच्या धाकट्यानं पितळी कळशी धरली होती. गारांसकट वळीव आला, तासभर. वाफ्यातले तीन दांडे वाकले, मोडला एकही नाही.

कळशी आता सासूबाईंच्या खाटेशेजारी आहे. मोजायला तीन नातवंडं सोबतीला आहेत. आजीसकट सगळ्यांना दांडे वाटून दिलेत. काल धाकट्याचं एक फूल कमी भरलं म्हणून रडारड झाली, तेव्हा आजीनं आपल्या वाटणीतला एक दांडा त्याला दिला.

आता एक प्रश्न. डिसेंबरच्या खेपेची पानं पिवळी पडलीत, पण फेब्रुवारीची अजून हिरवीगार आहेत. मृग महिन्यावर आलाय. कंद केव्हा काढू?

पोयटा | ९ मे

१५ दांडे म्हणजे लई चांगलं, वहिनी. मेमध्ये आमच्यातही एवढंच प्रमाण पडतं.

डिसेंबरचे आता काढा. चार दिवस आधी पाणी तोडा. कुदळ लांबून घाला. बुडाला चिकटलेली हरभऱ्याएवढी पिल्लं दिसतील, ती वेगळ्या डब्यात ठेवा. दोनतीन हंगामांत ती फुलावर येतात. जुना सुकलेला कंद खालून मोडून टाका. सावलीत दोन आठवडे वाळवून, पुन्हा औषधात बुडवून, सुकवून, जाळीच्या पिशवीत टांगा. पावसाळी दमटीत घरात बुरशी धरते, म्हणून जमलं तर फ्रिज.

फेब्रुवारीच्यांना फूल संपल्यावर सहा आठवडे तरी द्या. वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर खोल चर काढा, म्हणजे मृगाचं पाणी निघून जाईल. पाचट आता उचला. जून संपता संपता उघडीप मिळाली आणि पाव भाग पानं पिवळी दिसली की लगेच काढा, माती ओली असली तरी. आणि पुढच्या हंगामात याच वाफ्यात पुन्हा ग्लॅडिओ नको, मर रोग मातीत राहतो.

कळंब्याची ओसरी | १० मे

मग पुढच्या वर्षी कुंपणाच्या पलीकडची जागा. तिथली भिंत विटांची आहे, लाल.

जलरंग | १० मे

विटांची? मग 'ट्रेडरहॉर्न'ला सुट्टी. पांढरा भरपूर, पिवळा त्याच्या निम्मा. आणि आता 'ग्रीन स्टार' आणा, विटेच्या लालपुढे त्याचा पोपटी पहिल्यांदाच बागेत दिसेल. फोटोसाठी सकाळी आठची वेळ धरा.